तिघींचं सामान

आमच्या मायला सामान भरायचं भारी वेड. पूर्णेला एका दिवसाच्या लग्नाला जायचं असलं, तरी आधीचे चार दिवस घरातली बाज कपड्यांखाली गडप व्हायची. अण्णा चुडावा स्टेशनवर पॉइंट्समन. ड्यूटीवरून दमून यायचे आणि मुकाट्यानं सतरंजीवर आडवे व्हायचे.

आम्ही तिघी बहिणी. ताई थोरली, मी मधली आणि बेबी शेंडेफळ. बाजेवर तिघींचे तीन गठ्ठे पडायचे. "ल्हानीचं सामान लय आन् घोर कमी. थोरलीचं सामान कमी आन् घोर लय," असं माय भरता भरता बोलायची. मी विचारायचे, "आन् माझं?"

"तुला काय लागतंय? ताईला आखूड झालं की तुझंच हाय की!"

माझं डोकंच फिरायचं. जगातलं आखूड झालेलं सगळं माझ्याच नशिबी!

मुंबईहून गोव्याला रात्रभर चालणारी आगबोट जाते, हे मायनं कुणाकडून तरी ऐकलं आणि तेच धरून बसली. अण्णांना रेल्वेचा पास मिळायचा. मुंबईपर्यंत पास, पुढं बोट. पण पासावर बिनलग्नाच्याच लेकींचं नाव चालतं, हेही तिला ठाऊक होतं. "ताईचं नाव पासावर हाय तवर तिघी मिळून बोटीत बसल्या पाह्यजेत," ती म्हणायची. "एकदा दिल्या घरी गेली की कोन सोडतंय तिला समुंदर बघायला?"

पहिल्यांदा निघायच्या वेळी बेबीला गोवर निघाला. दुसऱ्यांदा विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला आणि अण्णांची रजा रद्द झाली. बांधलेलं सोडून पुन्हा भरायची पाळी येईपर्यंत आम्ही वाढलेल्या असायचो. ताईचा परकर माझ्या गठ्ठ्यात यायचा, माझा झगा बेबीच्या. ताईच्या गठ्ठ्यात परकराच्या जागी पातळ आलं, तेव्हा मायनं ते मांडीवर घेऊन तीनदा उलगडलं आणि तीनदा घडी घातली.

तिसऱ्यांदा मात्र सगळं जुळून आलं. समुद्राचं पाणी खारट, म्हणून मायनं आडाच्या पाण्यानं कळशी भरून, तोंडाला फडकं बांधून दाराशी ठेवली. अण्णांना हसू आवरेना. "आगं, बोटीवर प्यायचं पानी असतंय!"

"आसंल. माझ्या लेकी कोनतंबी पानी पिनार न्हाईत."

आणि त्याच दिवशी पेडगावचे पाहुणे आले. ताई पसंत पडली, बैठकीतच सुपारी फुटली. सुपारी फुटलेल्या पोरीनं गावाची वेस ओलांडायची नाही, अशी आमच्याकडे रीत. इथं तर समुद्रावर जायचं होतं! माय अण्णांशी कधी नव्हे ती भांडली. "आवो, चार दिसांनी सुपारी फोडली आसती तर काय बिघडलं आसतं? थांबा म्हनायचं की त्यायला!"

चांगलं स्थळ हातचं जाईल, या भीतीनं अण्णांनी तो शब्द टाकलाच नव्हता. ताईचा गठ्ठा होता तसा पेडगावला गेला.

पहिल्या बाळंतपणाला ताई माहेरी आली. मायनं दुपटी शिवली, टोपडी शिवली. ताई गेली, बाळही गेलं. त्या दिवसाबद्दल मला अजूनही लिहिता येत नाही.

पुढं वर्षभर माय कामापुरतंच बोलली. मग एका दुपारी अण्णा नवा पास घेऊन आले आणि तिच्यापुढं बसून हळूच म्हणाले, "चल, पोरींना बोट दाखवून आनू." माय उठली. बाज मोकळी केली. एका कडेला माझे कपडे ठेवले, दुसऱ्या कडेला बेबीचे. त्या दोन गठ्ठ्यांकडे बघत ती उभीच राहिली. आम्हाला वाटलं, काही शोधतेय.

"आवो," ती म्हणाली, "मला दोघींचं भरता येत न्हाई."

अण्णांनी माझे कपडे उचलले, बेबीचे उचलले. आणि त्या मोकळ्या बाजेवर बसून, कपडे छातीशी धरून, ते आमच्यादेखत ढसाढसा रडले.