दाराजवळ बसणारी वंदना

त्या सकाळी मी नाइट ड्यूटी संपवून घरी आले होते आणि चहा गाळत होते, तेव्हा इराचा फोन आला. इरा म्हणजे माझ्या मैत्रिणीची, वंदनाची मुलगी, बारा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते इंग्रजीत. “मावशी, आई इज नॉट वेकिंग अप,” एवढंच म्हणाली. मी नर्स आहे. अशा वेळी काय विचारायचं, काय सांगायचं, ते मला तोंडपाठ आहे. तिला आधी अँब्युलन्स बोलवायला सांगितलं आणि होते तशी गाडीत बसले. पामर्स्टन नॉर्थ म्हणजे न्यूझीलंडमधलं एवढंसं गाव, पण त्या दिवशी रस्ता संपता संपेना... पोचले तेव्हा अँब्युलन्सची माणसं सावकाश सामान आवरत होती. आमच्या व्यवसायातली घाई कधी संपते, ते मला ठाऊक आहे. दारातूनच सगळं कळलं.

आमची ओळख २०११ची. ती सांगलीहून डिप्लोमा करायला आली, मागोमाग नवरा आणि बालवाडीतली इरा. नवऱ्याच्या नोकरीवर इथे कायम राहायची रेसिडेन्सी मिळाली आणि मग तो नवराच दुसरीकडे संसार थाटायला निघून गेला. एम.कॉम. झालेली वंदना एका रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, म्हाताऱ्यांना उठवायला, न्हाऊ घालायला, भरवायला लागली. नोकरी ‘कॅज्युअल’. तिला ठरलेले तास नव्हते. कुणी आजारी पडलं किंवा रजेवर जाणार असलं की मॅनेजरचा मेसेज सगळ्याजणींना एकदम जायचा आणि जी पहिली ‘यस’ म्हणेल तिला ती शिफ्ट. नाही म्हणायला बंदी नव्हती. फक्त एकदा नाही म्हटलं, की पुढे बरेच दिवस आपला फोन मुका व्हायचा.

त्यामुळे वंदना कुठेही गेली तरी दाराजवळ बसायची. हळदीकुंकवाला कुर्त्याखाली कामाची काळी पँट, पायात काळे बूट. गणपतीची आरती अर्धी टाकून कितीदा पळाली असेल. “बाप्पाला सांग गं, शिफ्ट लागली,” म्हणायची. आम्ही तिला ‘फायर ब्रिगेड’ म्हणायचो आणि ती सगळ्यांत मोठ्याने हसायची. आमच्या इथल्या मराठी ग्रुपमध्ये डॉक्टर, फार्मसिस्ट, माझ्यासारख्या नर्सेस. नाइट्स फार लागतात म्हणून कुरकुरणाऱ्या. एकदा मी अशीच रडगाणं गात होते, तर माझ्या फ्रीजवरच्या ड्यूट्यांच्या रोस्टरकडे बघत म्हणाली, “पुढच्या महिन्यात कधी काम आहे ते तुला आज माहितीये. काय भारी वाटत असेल गं.”

गेल्या उन्हाळ्यात जिना चढताना ती मध्येच थांबायला लागली. छातीवर हात ठेवायची आणि मी बघितलं की पटकन खाली घ्यायची. मी जात्याच काळजीखोर, त्यात नर्स. मी हात धुऊन मागे लागले. “गॅस आहे गं. तू नर्स आहेस की यमाची एजंट?” असं म्हणून उडवून लावायची. शेवटी तपासणीची तारीख मिळाली आणि मी रजा काढून तिच्या शेजारी जाऊन बसले. नाव पुकारायच्या आधी तिचा फोन थरथरला, शिफ्टचा मेसेज. मी हात पुढे केला. तिने फोन माझ्या हातावर ठेवला आणि भिंतीकडे बघत राहिली. तपासणी झाली. हृदयाकडे जाणाऱ्या नळ्यांत अडथळा असावा, अँजिओग्राफी लवकर करायला हवी, असं डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर तिचा फोन वाजेनासा झाला. माझ्या स्वयंपाकघरात बसून ती तो उलटा करायची, सुलटा करायची, नेटवर्क आहे ना म्हणून मलाच मेसेज करायला लावायची. आणि जेमतेम मेसेज पुन्हा सुरू झाले, तोवर अँजिओग्राफीची तारीख आली. एक दिवस हॉस्पिटलात, नंतर आठवडाभर वजन उचलायचं नाही. तिचं सगळं काम माणसं उचलण्याचं.

“आठवडाभर सगळ्याला नाही म्हणू? आणि भाडं?”

“मी भरेन.”

“या महिन्यात भरशील. मग?”

मी चिडले, ओरडले, रडलेसुद्धा. ती माझीच समजूत काढत बसली. “थंडीत सगळ्यांना फ्लू होतो, तेव्हा हीप्स ऑफ शिफ्ट्स, ढिगाने असतात बघ. थंडी संपली की जातेच.” तारीख तिने पुढे ढकलली. ती सगळी थंडी मी तिच्या आवाजातला दम मोजत काढली. फोन उचलायला उशीर झाला की मी गाडीची किल्ली शोधायला लागायचे. आणि तिचं तर काम जोरात होतं, ती खुशीत होती...

तिला जाऊन पाच आठवडे झाले. इरा सध्या माझ्याकडे आहे. सांगलीहून आलेल्या मामाने शाळेचं वर्ष संपेपर्यंत तसं ठरवलंय. रात्री तिच्या खोलीत जाऊन श्वास चालू आहे ना, ते मी बघून येते. शहाण्या बाईने करावं असं हे नाही, पण करते.

अंत्यविधीला रेस्ट होममधल्या चौघीजणी युनिफॉर्मवरच आल्या होत्या. वंदनाचा भाऊ बोलायला उभा राहिला आणि चौघींच्या खिशांतले फोन एकदम थरथरले. चौघींचे हात खिशाकडे गेले आणि तिथेच थांबले. त्या एकमेकींकडे बघत होत्या. अरोहा नावाची त्यांच्यातली थोराड बाई, वंदना तिच्याबद्दल नेहमी प्रेमाने बोलायची. तिने फोन काढला, काहीतरी टाइप केलं, पुढे येऊन शवपेटीवर कपाळ टेकवलं आणि माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, मला निघावं लागेल.

“कुणाची शिफ्ट?” मी विचारलं.

“वंदनाचीच. आजच्या दुपारला तिने आधीच हो म्हटलेलं होतं.”

ती डोळे पुसत बाहेर गेली. तेवढ्यात मला आठवलं, पार्किंगमध्ये तिच्या गाडीच्या मागे माझी गाडी आडवी लावलेली होती. मी किल्ली घेऊन धावत गेले आणि ती बाजूला काढली. तिला उशीर झाला असता, तर पुढच्या आठवड्यात तिला कुणी बोलावलं नसतं.