स्वरयंत्र काढल्यानंतरचा अंतरा

"आता लांब 'ई' म्हणा," मी म्हणालो.

"कोणत्या सुरात?" वामनरावांनी विचारलं. आवाज पार बसलेला, पण थट्टा शाबूत होती.

मी छोटा आरसा स्पिरिटच्या दिव्यावर गरम केला, म्हणजे त्यावर वाफ धरत नाही. मग त्यांची जीभ गॉजने धरली आणि आरसा घशात मागे नेला. त्यात स्वरयंत्र दिसतं. दोन पांढऱ्या पट्ट्या असतात, त्यांना कॉर्ड म्हणतात; 'ई' म्हटलं की त्या जवळ येतात. वामनरावांची डावी पट्टी आली. उजवी जागची हलली नाही. तिच्यावर फुलकोबीसारखी गाठ होती.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. भंडाऱ्यात मी नाक-कान-घशाचा दवाखाना टाकला होता. वामनराव जवळच्या शहापूरला शाळेत संगीत शिकवत. पण त्यांचं खरं काम बंदिशी बांधणं. बंदिश म्हणजे रागात बसवलेलं चार-सहा ओळींचं गाणं. पहिला भाग स्थायी, दुसरा अंतरा. त्यांच्या बंदिशी नागपूरचे गवई मैफलीत गात. स्वतः वामनराव मात्र सायकलवर शाळेत जात.

गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. नागपूरला माझे सर होते, त्यांना फोन लावला.

"रेडिएशनवर भागेल का, सर?"

"कॉर्ड फिक्स आहे म्हणतोस ना? मग नाही. पूर्ण लॅरिंक्स काढावं लागेल."

"पेशंट गाण्यातला आहे, सर."

"तरीही," सर म्हणाले.

वामनराव लेकीला, विमलला, घेऊन आले. ती एकोडीला दिलेली. घरची धानाची शेती, आणि लहानपणापासून बापाकडेच गाणं शिकलेली.

"डाक्टरसाहेब, घुमवून सांगू नका," वामनराव म्हणाले.

मी सांगितलं. स्वरयंत्र पूर्ण काढायचं. गळ्याच्या खाली कायमचं छिद्र राहील, श्वास तिथूनच. तोंडातून हवा येणार नाही, त्यामुळे कुजबुजसुद्धा नाही.

"दिवाळीलोक थांबता येईन का? एक स्थायी झाली आहे. अंतरा सापडून नाही राहिला."

"तोवर श्वास अडकेल."

विमल म्हणाली, "बाबा, अंतरा राहू द्या. मले तुम्ही पाह्यजे."

ऑपरेशन नागपूरला झालं. सरांनी केलं, मी मदतीला होतो. काढलेलं स्वरयंत्र ट्रेमध्ये ठेवलं तेव्हा ते एवढंसं दिसलं. इतक्या बंदिशी यातून निघाल्या, असं मनात आलं. मग टाके घालायला घेतले.

पुढे ड्रेसिंगसाठी ते भंडाऱ्यालाच येत. बोलणं पाटीवर. एकदा गर्दी होती म्हणून बापलेकीला मी आतल्या खोलीत बसवलं. पेशंट तपासत असताना आतून गाणं ऐकू आलं. विमलचा आवाज. एक ओळ थांबायची, पुन्हा सुरू व्हायची, दर वेळी थोडी वेगळी. मी उठून दाराशी गेलो.

पाटीवर स्वरांची अक्षरं होती. पण वामनरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. उजवा हात हवेत होता. तो हळूहळू वर चढला, एका जागी थरथरला आणि घसरत खाली आला. विमलचा आवाज त्याच्यामागून तसाच गेला. ती मध्येच थांबली, तशी त्यांनी मान हलवली, आणि छातीवर हात ठेवून छिद्रातून लांब श्वास सोडला. तिने पुन्हा ओळ घेतली, त्या श्वासाइतकी लांब. त्यांनी डोळे मिटले.

"ही बंदिश तुला आधीपासून येत होती?" मी विचारलं.

"नाही जी. स्थायी येत होती. अंतरा आताच शिकून राहिली. बाबांनी परवा बांधला."

"पण आवाज नसताना सांगतात कसा?"

"सूर पाटीवर लिहून देतात. पण एका सुरावरून दुसऱ्यावर कसं जाचं, थे लिहिता येत नाही. थ्यासाठी हात पाहाचा अन् श्वास आयकाचा."

"पुन्हा म्हण," मी म्हणालो आणि वामनरावांच्या गळ्यावर टॉर्च धरला. स्वरयंत्र वर उचलणारे स्नायू हलत होते. तिच्या प्रत्येक सुराबरोबर, किंबहुना किंचित आधी. उचलायला आत काही नव्हतं. ते मी स्वतः ट्रेमध्ये पाहिलं होतं. बाहेर पेशंट खोळंबले होते, पण अंतरा संपेपर्यंत माझा पाय निघाला नाही.

वामनराव त्यानंतर बरीच वर्षं जगले आणि बंदिशी बांधत राहिले. विमलने त्या शहापूरच्या शाळेच्या हॉलमध्ये गायल्या, तेव्हा नागपूरहून सरही आले होते. गाणं रंगात असताना ते माझ्याकडे झुकले.

"ऑपरेशनच्या आधीच्या कोणत्या आणि नंतरच्या कोणत्या?"

मला सांगता आलं नाही. कान देऊन ऐकत होतो, तरीही.

ऑपरेशनआधी आपण काय काढणार, ते मी पेशंटला आजही स्पष्ट सांगतो. काय उरेल, याबद्दल मात्र बेतानं बोलतो.