देवळात घेतलेली तालीम

आतार सरांची आणि माझी पहिली भेट इंदापुरात झाली. शालेय बालनाट्य स्पर्धा होती आणि प्रा. बशीर आतार सर परीक्षक म्हणून आले होते. मी कळसजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत शिक्षक आहे. आमच्या मुलांच्या नाटकाला टाळ्या बऱ्या पडल्या होत्या, त्यामुळे मी खुशीत होतो. जेवणाच्या सुट्टीत सर हातात ताट घेऊन स्वतःहून माझ्याजवळ आले.

"गुरुजी, मुलं पाठांतराला पक्की आहेत. पण आजी, पोलीस आणि कोंबडा, तिघंही तुमच्याच आवाजात बोलत होते."

"कोंबडासुद्धा?"

"कोंबडा तर सगळ्यात जास्त," सर म्हणाले आणि शांतपणे आमटी ओरपू लागले.

मला राग यायला हवा होता, पण हसू आले. कारण ते खरे होते. प्रत्येक वाक्य मीच आधी म्हणून दाखवले होते आणि मुलांनी ते माझ्या सुरासकट उचलले होते. निघताना सरांनी सांगितले की बारामतीच्या केंद्रात विद्यापीठाचा नाट्यशास्त्राचा पदविका वर्ग शनिवारी आणि रविवारी चालतो. "मी तिथं शिकवतो. वय विचारत नाही," एवढेच म्हणाले. पुढच्याच जूनमध्ये, पंचेचाळिशी ओलांडलेला मी, माझ्या मुलीच्या वयाच्या विद्यार्थ्यांच्या रांगेत वही घेऊन बसलो.

सरांच्या विद्वत्तेविषयी आणि त्यांनी बसवलेल्या नाटकांविषयी त्यांच्या या गौरवग्रंथात अधिकारी मंडळी लिहितीलच. सर मूळचे सांगवीचे. त्यांचे वडील गावोगावच्या जत्रांत कापडी पाल ठोकून अत्तर, अगरबत्ती, कुंकू आणि बुक्का विकत. सर लहानपणी त्या पालात बसून माणसे बघायचे. पुढे शहरात जाऊन त्यांनी नाट्यशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले, अनेक वर्षे प्राध्यापकी केली आणि निवृत्तीनंतर बारामतीत परत आले. पण मला नेहमी वाटते, सरांचे पहिले विद्यापीठ ते पालच असावे. पुस्तकातला कोणताही सिद्धान्त सांगताना त्यांचे उदाहरण आपल्याच मातीतले असते.

आमच्या वर्गात कन्हेरीची रूपाली नावाची मुलगी होती. तिचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोहोचत नसे. आम्ही सगळे तिला "मोठ्यानं, मोठ्यानं" म्हणून बेजार करायचो आणि ती आणखी मिटायची. सरांनी एक दिवस आम्हाला गप्प केले आणि तिला विचारले, "वडील उसाच्या पलीकडच्या बांधावर असले तर जेवायला कसं बोलावतेस?"

"हाक मारते."

"मार मग. वडील शेवटच्या खुर्चीच्या मागं आहेत."

रूपालीने क्षणभर मान खाली घातली आणि "दादाऽऽ, भाकरी झालीऽऽ" अशी हाक दिली की बाहेर चहा पीत बसलेला शिपाई आत डोकावला. सर म्हणाले, "हा आवाज तुझा होताच. मी फक्त वडिलांना लांब नेलं." कुणाला कमी न लेखता शिकवण्याची ही त्यांची रीत. शाळेत परतल्यावर मीही मुलांना आधी म्हणून दाखवणे सोडले.

मी माळकरी आहे. एकादशी माझ्याकडून सुटत नाही. सरांनी त्यावरून मला कधी काही विचारले नाही, पण शनिवारी एकादशी आली की त्यांच्या पिशवीतून केळी आणि शेंगदाण्याचे लाडू निघत. एकदा रमजानच्या महिन्यात एकादशी शनिवारी आली. सरांचा रोजा, माझा उपवास. सर म्हणाले, "आज भुकेल्या माणसाचा प्रवेश घेऊ. दोघांची तयारी चांगली आहे."

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो सांगतो.

सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांनीच लिहिलेली एकांकिका सादर करायची असते. तिच्यात रोज दारू पिऊन घरी येणाऱ्या एका बापाची भूमिका होती. वर्गात बापाच्या वयाचा मी एकटाच, त्यामुळे ती माझ्याकडे आली. मी सरांना बाजूला घेऊन गळ्यातली माळ दाखवली. सर म्हणाले, "ही काढायला मी सांगणार नाही. तुम्ही काढायला निघालात तरी काढू देणार नाही. सदऱ्याचं वरचं बटण लावा."

"पण सर, मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. मला कसं जमणार?"

"मी तरी कुठं घेतलाय? एक माळकरी आणि एक नमाजी मिळून दारुड्या उभा करायचाय. बघू, होतो का."

पहिले कितीतरी दिवस मी झोकांड्या खात होतो आणि वर्ग हसत होता. मग सरांनी जत्रेतल्या त्या पालाची गोष्ट सांगितली. प्यायलेली माणसे त्यांच्या वडिलांच्या पालासमोरून जात, तेव्हा ती सगळ्यात नीट चालत. पाऊल मोजून टाकत, ओळखीच्याला जरा जास्तच आदराने नमस्कार करत. "पिलेला माणूस झोकांडी खात नाही गुरुजी, तो झोकांडी लपवतो. तुम्ही सरळ चाला. फक्त सरळ चालणं अवघड करून घ्या." त्यांनी माझ्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या दिला आणि पाणी न सांडता रंगमंच पार करायला लावले. तसे करता करता तो माणूस माझ्या अंगात हळूहळू शिरला.

एकांकिका चांगली झाली. बाहेरचे परीक्षक खुश होते. पण एका जागी, घामाने जीव घाबरा झाल्यावर मी सदऱ्याची कॉलर ओढली, वरचे बटण तुटले आणि माळ बाहेर आली. प्रेक्षकांतल्या कुणीतरी नेमका तेवढाच तुकडा जवळून मोबाईलवर घेतला. नेपथ्य म्हणजे साधा ओटा आणि दार. क्लिपमध्ये ना पडदा दिसत होता, ना दिवे. दिसत होता तो गळ्यात माळ आणि हातात बाटली असलेला मी.

ती क्लिप कुठून कुठे फिरली माहीत नाही. आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटावर आली तेव्हा तिच्याखाली लिहिलेले होते, "बघा आपले गुरुजी."

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष पोपटराव संध्याकाळी घरी आले. बसले नाहीत. "गुरुजी, तुमी तसले न्हाय, मला म्हाईत हाय. पण पोरींच्या आया इचारत्यात. त्यास्नी म्या काय सांगू? रविवारी सकाळी इठोबाच्या देवळात बसू समदे. तुमी या."

त्याहून अवघड घरात होते. माझे वडील, आबा, ऐंशीच्या पुढचे. माळ त्यांनीच माझ्या गळ्यात घातली होती. मी त्यांना नाटक, भूमिका, बाटलीतला कोरा चहा, सगळे समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "माळ देवापुढं ठिव. मग काय करायचं ती कर." त्यानंतर ते माझ्याशी बोलेनात. माझ्याबरोबर पंगतीला बसेनात.

मी सरांना फोन केला आणि अभ्यासक्रम सोडतो असे सांगितले. सरांनी माझी समजूत घातली नाही. "सभा किती वाजता?" विचारले आणि फोन ठेवला.

रविवारी सर सकाळच्या एसटीने आले. देवळाचा सभामंडप भरला होता. सर पायरीशी चप्पल काढून आत आले, सगळ्यांना नमस्कार केला आणि खाली बसले. पोपटरावांनी विचारले, "सर, तुमी काय सांगणार हाय का?"

"मी काही सांगत नाही. एक तांब्या पाणी मिळेल? तुम्हीच भरून आणा."

पोपटरावांनी कोपऱ्यातल्या रांजणातून तांब्या भरला. मागून कुणीतरी ओरडले, "पोपटराव, वास घ्या की!" त्यांनी वास घेतला, वर एक घोटही घेतला. "पाणीच हाय लेकांनो, गार हाय."

सर माझ्याकडे वळले. "गुरुजी, उठा. बाप घरी येतो, मुलगी उंबऱ्यात झोपलीय, तिला जागं न करता आत जायचंय. सुरू करा."

मी उठलो. समोर विठोबा, डावीकडे आबा, उजवीकडे माझ्या शाळेतल्या मुलींच्या आया. मी तांब्यातले पाणी प्यायलो आणि सुरू केले. सरळ चालण्याचा प्रयत्न करू लागलो. सुरुवातीला लोक हसले. मग एक बाई बोलून गेली, "आगं बया, आक्षी आमच्या ह्येंच्यावानी!" तेव्हा मंडप हसून हलला आणि तिचे 'हे' तंबाखू थुंकायला म्हणून बाहेर गेले ते आलेच नाहीत. पण उंबरा ओलांडताना, नसलेल्या मुलीच्या अंगावरची नसलेली वाकळ मी सारखी केली, तेव्हा कुणी हसले नाही.

मी थांबलो. नेहमीसारखा सरळ उभा राहिलो. पोपटरावांनी मोठा श्वास सोडला. "म्हंजी त्या क्लिपमदी बी पाणीच व्हतं म्हना."

"नाही, कोरा चहा होता," सर म्हणाले. "गुळाचा."

"मग झालं की! उगं ताप डोक्याला. चला, उठा."

लोक उठू लागले आणि तेवढ्यात आबा बोलले. "थांबा. मला सरास्नी इचारायचं हाय."

सगळे पुन्हा बसले.

"सर, ह्यो नुसत्या पाण्यावर एवढा झिंगला. म्या बाप हाय, मला बी खरं वाटलं. मग ह्यो माझ्यापुढं नीट वागतो, देवापुढं हात जोडून हुबा ऱ्हातो, त्ये खरं कशावरनं म्हनू म्या?"

 मला वाटले, सगळे सुटता सुटता पुन्हा आवळले.  सर उठून आबांच्या शेजारी जाऊन बसले.  मग म्हणाले, "आबा, इतकी वर्षं शिकवतोय, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. विचारायला हवा होता." मग म्हणाले, "ह्यांना दारुड्या करायला मला तीन महिने लागले. दर शनिवारी चुकायचे. जे अंगात नसतं त्याची तालीम घ्यावी लागते. देवापुढं उभं राहायची तालीम मी घेतली नाही. तुम्ही घेतली होती का?"

आबांनी विचार केला. "न्हाय. ल्हान असताना म्या हुबा ऱ्हायलो की मागं येऊन हुबा ऱ्हायचा. आपसूक."

"मग आबा, ते माझ्या हातचं काम नाही. ते तुमचं आहे."

आबांनी एकदा देवाकडे पाहिले. मग काठी टेकत उठले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "नामदेव, घरी सांग, सर जेवायला हायती."

क्लिप आल्यापासून त्यांच्या तोंडून माझे नाव मी ऐकले नव्हते. छातीवरचा दगड उतरणे म्हणजे काय ते मला त्या वेळी कळले. मी घराकडे अक्षरशः धावत गेलो, आणि दारातूनच पत्नीला हाक मारली. ती म्हणाली, "अवो, झालं काय?" मी म्हणालो, "चुलीवर तवा ठेव." ती काय ते समजली.

जेवताना आबांनी सरांना आग्रह करून पिठलं वाढले. त्यांच्या वडिलांच्या पालाची चौकशी केली. कुठल्या कुठल्या जत्रेला ते यायचे हे दोघांनी मिळून आठवले. नाटकाचा विषय निघाला नाही. संध्याकाळी मी सरांना एसटीवर सोडायला गेलो. आभार कसे मानावे याची जुळवाजुळव मनात चालली होती, तोवर सर खिडकीतून म्हणाले, "गुरुजी, उंबऱ्यावर घाई केलीत. तिथं थांबायचं. पुढच्या शनिवारी परत करू." मी मान डोलावली. गाडी गेली आणि मी फाट्यावर एकटाच हसत उभा राहिलो.

मी पदविका पूर्ण केली. पण आबांचा प्रश्न माझ्यापुरता संपलेला नाही, हे इथे सांगितले पाहिजे. देवापुढे उभा राहिलो की कधी कधी तो मनात येतो आणि मी स्वतःला तपासून पाहतो. सरांनी त्या दिवशी दिलेले उत्तर मला वाचवणारे होतेच, पण ते मला बांधून घालणारेही होते. शिकवणारे पुष्कळ भेटतात. आपल्या विद्यार्थ्याच्या चांगुलपणाची ग्वाही द्यायला एसटीने येऊन गावाच्या देवळात बसणारे, आणि तिथेही त्या चांगुलपणाचे श्रेय त्याच्या बापाला देऊन मोकळे होणारे, मी हे एकच पाहिले.

गौरव समितीने मला लेखाच्या शेवटी शुभेच्छा लिहायला सांगितले आहे. मी बराच विचार केला, पण आमच्या घरात त्या रोजच दिल्या जातात, त्याहून चांगल्या मला सुचणार नाहीत. आबा संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर घरातल्या एकेकाचे नाव घेऊन पांडुरंगाकडे मागणे मागतात. कुणाचा खोकला, कुणाची परीक्षा, कुणाचे बाळंतपण. त्या रविवारी सर पंगतीतून उठताना त्यांनी भिंतीचा आधार घेतल्याचे आबांनी पाहिले होते. तेव्हापासून नावांच्या शेवटी आबा न चुकता म्हणतात, "आन् देवा, बारामतीच्या सरांच्या गुडघ्यांकडं जरा बघ. अजून लई जनास्नी हुबं करायचं हाय त्यास्नी."