थर्मनकडे ठेवलेल्या बंदुका

थर्मन बेकसच्या तळघरात एक हिरवं लोखंडी कपाट आहे. त्यात त्याच्या स्वतःच्या बंदुका थोड्या आणि लोकांच्याच जास्त. प्रत्येकीला दोरीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, त्यावर मालकाचं नाव. आमच्या इमेट गावात कोणाची बायको सोडून गेली, कोणाची लाकडाच्या गिरणीतली नोकरी सुटली, कोणाचं पोर गेलं, की काही दिवसांत तो माणूस थर्मनच्या दारात उभा राहतो. काखेत ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं काहीतरी असतं. "थोडे दिवस ठेव," एवढंच तो म्हणतो. थर्मन "बरं" म्हणतो आणि कॉफी घेणार का विचारतो. कशाला, किती दिवस, हे विचारत नाही. जो आपणहून येत नाही, त्याच्या दारात थर्मन स्वतः जाऊन उभा राहतो.

हे काम त्याला कोणी नेमून दिलेलं नाही. पोटासाठी त्याने जन्मभर शाळांचे कॉम्प्युटर सांभाळले. अंगाने आडवा, बोलायला कंजूष, दोन बोटांनी टाइप करणारा माणूस. तुम्ही काहीही सांगा, त्याचा प्रश्न एकच, "तपासलंस का?" चर्चमध्ये पाद्र्याने देव दयाळू आहे म्हटलं, तेव्हाही हा मनात तेच विचारत असणार अशी माझी खात्री आहे.

मी नदीन. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ऑफिसातले कॉम्प्युटर मी चालवायचे. मी, थर्मन आणि ऑरिन स्टब्स असे आम्ही तिघं दर शनिवारी सकाळी खडीच्या खाणीत नेमबाजी करायचो आणि दुपारी ऑरिनच्या तळघरात मेलेले कॉम्प्युटर जिवंत करायचो. बॉइसी शहरातल्या कॉम्प्युटरवाल्यांना आम्ही बंदूकवेडे वाटायचो आणि गावातल्या शिकाऱ्यांना पुस्तकी किडे. मला विचाराल तर दोन्ही एकच आजार आहे. वस्तू घेतली की ती पूर्ण खोलून टेबलावर मांडायची, पुसायची, परत जोडायची आणि एक स्क्रू उरला तर जेवणावर वासना राहायची नाही. बनवणाऱ्यावर विश्वास नाही, सरकारवर तर नाहीच नाही. गोळी वाऱ्यात किती सरकते यावर आणि कुठल्या प्रोग्राममध्ये कोणती ओळ फालतू आहे यावर सारख्याच तावातावाने भांडायचं. ऑरिनच्या टेबलावर सोल्डरिंगची तार आणि बंदूक पुसायच्या चिंध्या एकाच डब्यात असायच्या. त्याची बायको लुआना जिन्यातून ओरडायची, "एक दिवस तुम्ही त्या कॉम्प्युटरला तेल पाजणार आहात, मेल्यांनो!"

थर्मन हे कपाट का सांभाळतो, ते त्याने मला एकदाच सांगितलं. वेन म्हणून त्याचा धाकटा भाऊ होता. त्याचे दिवस वाईट चालले होते तेव्हा त्याने आपली रायफल दादाकडे आणून ठेवली. पानगळीत तो ती परत मागायला आला. म्हणाला, "दादा, हरणांचा मोसम सुरू झालाय." मोसम खरंच सुरू झाला होता. थर्मनने रायफल दिली, वर गोळ्यांची पेटीही दिली. वेन शिकारीला गेलाच नाही. थर्मनने मला इतकंच सांगितलं आणि मीही पुढे विचारलं नाही.

तेव्हापासून बंदूक परत द्यायच्या आधी थर्मन त्या माणसाला जेवायला बोलावतो. एल्क हरणाच्या मांसाची तिखट, दाट चिली, मक्याचा पाव, बटाटे. गप्पा हवापाण्याच्या. त्या माणसाने स्वतःहून दुसऱ्यांदा वाढून घेतलं की थर्मन उठतो, खाली जातो आणि पुठ्ठा काढून बंदूक आणून देतो. नाही घेतलं तर म्हणतो, "पुढच्या महिन्यात बघू." गावातल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे. काही जण मुद्दाम उपाशी येतात, पण दुःखी माणसाला घास नाटकाने उतरत नाही, असं थर्मनचं म्हणणं. आजवर त्याचं चुकलं नव्हतं. त्याच्याकडून बंदूक परत घेऊन गेलेला एकही माणूस वेनच्या वाटेने गेला नव्हता, आणि या एका गोष्टीचा थर्मनला अभिमान होता. दुसऱ्या कशाचा नव्हता.

लुआना कॅन्सरने गेली तेव्हा थर्मन ऑरिनच्या दारात जाऊन उभा राहिला.

"बंदुका माझ्याकडे दे."

"चल निघ," ऑरिन म्हणाला. "माझ्या बंदुका माझ्या घराबाहेर जाणार नाहीत."

"मग मी इथेच बसतो."

"बस. कुत्र्यालाही सोबत होईल."

तो खरंच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी मी पाव घेऊन गेले, तर दोघं म्हातारे एकमेकांशी न बोलता एकाच बाकावर बसलेले. शेवटी ऑरिननेच तोड काढली, आणि ती आमच्यासारख्यांनाच सुचावी अशी होती. त्याच्याकडे भिंतीएवढ्या जाडीची, आगीत न जळणारी तिजोरी होती. तिला तो स्वतः नवं कुलूप बनवणार, जुन्या कॉम्प्युटरच्या सर्किटच्या पाटीवर चालणारं. पासवर्डचे तीन तुकडे. एक त्याचा, एक थर्मनचा, एक माझा. एकाने टाइप करताना बाकीच्यांनी पाठ फिरवायची. तिन्ही तुकडे पडल्याशिवाय दार उघडणार नाही. बंदुका घरातच राहणार, आणि आम्ही दोघं हो म्हटल्याखेरीज त्याच्या हाती लागणार नाहीत.

कोणी शहाणा असता तर दोन शब्द प्रेमाचे बोलून मोकळा झाला असता. आम्ही कुलूप बनवलं. वीज गेली तर काय, बॅटरी संपली तर काय, यावर आठवडेच्या आठवडे भांडलो. मी म्हटलं, अडीअडचणीला एखादा चोरदरवाजा ठेवू. ऑरिन खवळला. "चोरदरवाजा ठेवला तर ते कुलूप कसलं? मग दाराला दोरीच बांध ना!" थर्मनने त्याचा प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला आणि वर विचारलं, "तपासलंस का?" लुआना गेल्यानंतर ऑरिन पहिल्यांदा हसला तो तेव्हा. ते कुलूप बनवण्यातच तो सावरला, असं मी आजही म्हणते.

दार लावताना थर्मनने विचारलं, "सगळ्या आत आहेत?"

"सगळ्या."

त्या उन्हाळ्यात डोंगरावरचं सेजच्या झुडपांचं रान पेटलं. राख अंगणात पडायला लागली तसं ऑरिनने आम्हाला बोलावून तिजोरी उघडली आणि आपल्या सगळ्यात मोलाच्या वस्तू आत टाकल्या. त्यात फ्लॉपींचा एक डबा होता. तरुणपणी त्याने बोलणारा कॉम्प्युटर बनवायचा घाट घातला होता, आणि त्यासाठी लुआनाला समोर बसवून तिच्याकडून आकडे, वार, छोटी छोटी वाक्यं म्हणवून घेतली होती. तिचा आवाज एवढाच मागे राहिला होता. ऑरिन म्हणजे प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती करा, वेगवेगळ्या जागी ठेवा म्हणून जन्मभर लोकांच्या कानीकपाळी ओरडलेला माणूस. त्याने प्रती तीनच केल्या होत्या. पण आगीच्या भीतीने तिन्ही एकाच तिजोरीत ठेवल्या. आग डोंगरावरच विझली. डबा आतच राहिला, कारण तेव्हा तिचा आवाज ऐकायचं त्याच्यात बळच नव्हतं.

पुढे बरीच वर्षं गेली. शनिवार चालू होते, पण पायरी चढताना ऑरिनची दमछाक व्हायला लागली. कपडे अंगावर लोंबायला लागले. मग एका हिवाळ्यात तो आम्हाला म्हणाला, "तिजोरी उघडा. मला लुआना ऐकायचीय."

मी तिथल्या तिथे हो म्हटलं. थर्मन म्हणाला, "रविवारी जेवायला ये."

ऑरिनला पुढचं सगळं कळलं. तरी तो आला. मीही होते. थर्मनने चिली वाढली. ऑरिनने दोन चमचे खाल्ले, पाव कुस्करला आणि ताट बाजूला सारलं.

"आणखी घे," थर्मन म्हणाला.

"जात नाही रे."

"थोडी."

"अरे बाबा, पोटच घेत नाही. तुला काय वाटतं ते मला कळतंय. मला फक्त तो डबा पाहिजे. बंदुका राहू देत तिथेच. तू दार उघड, डबा तूच काढ, दार तूच लाव. मी अंगणात जाऊन उभा राहतो, हवं तर."

"आत्ता डबा काढला, की उद्या म्हणशील प्रोग्राम बदलायचाय, बॅटरी बदलायचीय. कुलूप तू बनवलंयस, ऑरिन. उघडलेल्या दाराशी तू काय काय करू शकतोस, मला ठाऊक आहे."

"मी तुला शब्द दिलाय."

"वेननेही दिला होता."

मग मला राहवलं नाही. "थर्मन, हा माणूस आजारी आहे, दिसत नाही तुला? डॉक्टरकडे न्यायचं सोडून तू त्याचे घास काय मोजतोयस?"

"पुढच्या महिन्यात बघू," थर्मन म्हणाला. तो कठोर माणूस नव्हता, घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही.

परत जाताना गाडीत मी ऑरिनला म्हटलं, "बॉइसीहून कुलूपवाल्याला बोलावते. भोक पाडून उघडेल तो."

"नको," ऑरिन म्हणाला. "उघडायचं तर त्याने उघडावं. भोक पाडून उघडलं तर मी मागितलं काय आणि चोरलं काय, सारखंच."

डॉक्टरकडे मी त्याला नेलं. पोटात गाठ होती, आणि ती इतकी वाढली होती की काही करायला उरलं नव्हतं. मी हॉस्पिटलमधूनच थर्मनला फोन केला. तो लगेच निघाला. पण रस्त्यावर बर्फ होतं, आणि ऑरिनला रक्ताची उलटी झाली. थर्मन पोचला तेव्हा पलंग रिकामा करून चादर बदलली होती.

तो चादरीकडे बघत राहिला. "पासवर्डचा माझा तुकडा सांगायला आलो होतो," एवढंच म्हणाला.

दफन झाल्यावर ऑरिनची मुलगी कर्स्टन घर आवरायला थांबली. आम्ही दोघं मदतीला गेलो. तळघरातल्या टेबलाचा वरचा खण तिने ओढला. त्यात सोल्डरिंगची तार, चिंध्या आणि त्यांच्याखाली एक पिस्तूल. पुसलेलं, तेल दिलेलं, भरलेलं. ऑरिन रोज ज्या खणातून चष्मा काढायचा, तोच हा खण.

"हे बाबांनी तिजोरीत नव्हतं ठेवलं?" कर्स्टनने विचारलं.

थर्मनने पिस्तूल हातात घेतलं, गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या आणि खाली बसला. मला वाटलं, ऑरिन खोटं बोलला म्हणून तो चिडेल. तो म्हणाला, "म्हणजे सगळी वर्षं त्याच्या हाताशी होतं."

"हो."

"त्याला करायचंच असतं तर..."

"हो, थर्मन."

"म्हणजे त्याला डबाच पाहिजे होता."

मी टेबलावरच्या गोळ्या एका चिंधीत बांधल्या. माझा राग होता त्याच्यावर, आणि त्या वेळी त्याची कीवही येत होती.

ऑरिनचा तुकडा त्याच्या मृत्युपत्राबरोबर कर्स्टनला मिळाला होता. तिने टाइप केलं, मी केलं, मग थर्मनने दोन बोटांनी केलं. दार उघडलं. बंदुका होत्या तशाच होत्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. डबा काढला आणि ऑरिनचा जुना कॉम्प्युटर चालू केला. दोन फ्लॉपी बुरशीने गेल्या होत्या. तिसरी खरखरली, आणि लुआना बोलायला लागली. एक. दोन. तीन. सोमवार. मंगळवार. "बॅटरी संपत आली आहे." मग मध्येच ती हसली आणि म्हणाली, "ऑरिन, पुरे झालं आता. मला भूक लागलीय. चल, जेवू." ऑरिनने तेवढं कापून टाकलं नव्हतं. कर्स्टन रडायला लागली. थर्मन उठून अंगणात गेला आणि आम्ही कुलूप लावून बाहेर येईपर्यंत आत आला नाही.

त्यानंतर थर्मन शनिवारी आला नाही. मी फोन केले, तो उचलायचा आणि "बरंय" म्हणायचा. मग एका दुपारी माझ्या दारात त्याची गाडी थांबली. तो खाली उतरला. काखेत ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि गाडीच्या मागच्या बाजूला आणखी तसंच.

"थोडे दिवस ठेव," तो म्हणाला.

"बरं," मी म्हटलं. "कॉफी घेणार?"

मी कशाला ते विचारलं नाही. इतकी वर्षं त्याच्याकडून एवढं तरी शिकले होते. बंदुका एकेक आत आणल्या. त्याने खिशातून पुठ्ठ्याचे तुकडे काढले. प्रत्येकावर आधीच स्वतःचं नाव लिहून आणलं होतं. ते आम्ही बांधले. शेवटचा बांधताना त्याचे हात थांबले.

"नदीन, मी परत मागायला आलो तर काय करशील?"

"आधी जेवायला बसवीन."

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"ऑरिनला बसवलं होतं," तो म्हणाला.

चुलीवर बटाट्याचं सूप होतं. मी त्याला वाडगं भरून दिलं आणि समोर बसले. तो वाडग्याभोवती हात धरून बसून राहिला आणि चमचा तसाच टेबलावर पडून राहिला.