कागदाला जीभ लावणारी हलीमाबी

बाळापुरात कागद करणारी घरं बरीच होती, पण कागदाला जीभ लावून त्याची लायकी सांगणारी बाई एकच, हलीमाबी. ताव हातात आला की त्याचा कोपरा ती जिभेच्या टोकाला टेकवायची. ओल जागच्या जागी राहिली तर कागद खरा. पसरली तर खळ कमी, घोटाई खोटी आणि करणारा हरामखोर. हे शेवटचं ती मोठ्यानं म्हणायची.

नवरा वारल्यापासून घोटाई तिच्याकडे होती. खळ लावून वाळवलेला ताव फळीवर पसरायचा आणि गुळगुळीत दगडानं दोन्ही अंगांनी घासत बसायचं. दिवसाला फार ताव होत नसत, पण तिच्या कागदावर शाई कधी फुटली नव्हती. कागद व्हायचा जुन्या गोणपाटाचा. कापसाची तेजी आली आणि गोणपाट दिसेनासं झालं. जो तो गोण्या कापसालाच लावू लागला. मग खर्च वाचवण्यासाठी तिचा दीर कुर्बान पाट्या टाकायला लागला. खळ पातळ, घोटाई एकाच अंगाची.

"दुसरं अंग कोन पाह्यते, भाभी?"

"तुह्यासारखेच नाई पाह्यत," हलीमाबी म्हणाली.

अशात एक दिवस अकोल्याचा खुशालराव दमणीतून उतरला. दोन हंगामांत कापसानं वर काढलेला माणूस. बोटांत अंगठ्या इतक्या, की मूठ मिटेना. बरोबर रामराव नावाचा लेखक होता आणि पांढऱ्याशुभ्र विलायती कागदाचा गठ्ठा. खुशालरावाची मुलगी शकुन अमरावतीच्या वामनरावांच्या घरी द्यायची ठरली होती. वामनरावांनी विचारलं होतं, घराणं कोणतं? खुशालरावाला आजोबांच्या वरचं नाव ठाऊक नव्हतं. रामरावानं नऊ पिढ्या जुळवून दिल्या. आता त्या वहीत उतरवून लग्नात वाचायच्या होत्या.

"हा कागद घोटून वही शिवून द्या," खुशालराव म्हणाला.

हलीमाबीनं कोपरा जिभेला लावला आणि थुंकली. "याले खळच नाई. शाई फुटन."

"मुंबईवरून आगगाडीनं आला हा कागद!"

"आगगाडीनं तं म्हशीबी येतात."

तिनं आतून आपली वही आणली. मातकट रंगाची, जाड. रामरावाला म्हणाली, "तुमी लिवा. दोन्हीवर."

रामरावानं टाक विलायती शाईत बुडवला आणि दोन्हीकडे 'श्री' काढला. हलीमाबीच्या कागदावरचा श्री काढला तसा राहिला. पांढऱ्यावरच्या श्रीला बघता बघता मिशा फुटल्या आणि पाठीमागे डाग उमटला.

खुशालरावानं दोन्ही नीट पाहिले. मग म्हणाला, "पन पांढरा दिसाले बरा."

डोळे धड असून न दिसणाऱ्या माणसाला काय सांगणार? हलीमाबीनं गठ्ठा पायानं सरकवला. "माहा दगड याच्यावर फिरनार नाई." कुर्बाननं मात्र तो लगबगीनं उचलला आणि चार दिवसांत वही शिवून दिली.

लग्न झालं. महिन्याभरानं रामराव एकटाच आला आणि सगळं सांगून बसला. वहीत पानाची शाई पाठच्या पानावर उतरली, पणजोबा खापरपणजोबांत मिसळले. भर मांडवात वाचताना रामरावाला एक नाव लागेना. वामनरावांनी वही हातात घेतली, डोळ्यांशी नेली आणि म्हणाले, "केवढी जुनी वही! शाई पार उतरली." खुशालराव लगेच म्हणाला, "दोनशे वर्षांची आहे." मांडव माना डोलवू लागला.

हलीमाबीचा दगड थांबला. "कागद पांढराफेक होता ना?"

"होता."

"मानसं किती होती?"

"तीनशे तरी असतील."

"तीनशे," ती म्हणाली. "अन् डोळे एकालेबी नाई."

पुढे तर कहर झाला. नवे श्रीमंत कुर्बानकडे येऊन शाई फुटणारा कागदच मागू लागले. कुर्बान ते आनंदानं पुरवू लागला. हलीमाबीनं चूल वेगळी केली, फळी वेगळी केली. तिच्याकडून वही हवी तर गिऱ्हाइकानं आपली शाई, आपला टाक घेऊन यायचं, तिच्यासमोर दोन्ही अंगांना लिहायचं आणि वाळेपर्यंत गप्प बसायचं.

लग्नाची हकिकत सांगितली त्या दिवशी रामराव खरं तर वहीसाठीच आला होता. त्याचे वडील वैद्य होते. अंथरुणाला खिळले होते. त्यांचे काढे आणि मात्रा त्याला उतरवून घ्यायच्या होत्या.

"खोटे बापजादे लिवले त्याच हातानं?" हलीमाबीनं विचारलं.

रामरावानं दौत-टाक पुढे ठेवला. तिनं त्याला प्रत्येक तावाच्या कोपऱ्यात एक रेघ ओढायला लावली. नवव्या तावावर रेघ जराशी फुटली. तिनं तो ताव फाडला, स्वतःलाच एक शिवी घातली आणि दुसरा घोटायला बसली. दुपार टळली तरी रामराव ओट्यावरून हलला नाही. वही देताना ती एवढंच म्हणाली, "औषधाचं नाव चुकलं तं मानूस मरते. नीट लिवा."

ती आणखी अकरा वर्षं घोटत राहिली. उजवा खांदा वाकडा झाला, गिऱ्हाइकं मोजकीच राहिली. सारं कसब तिनं शेवटी कुर्बानच्याच सुनेला, अकीलाला शिकवलं. कुर्बानला ते आवडलं नाही. पण त्याला काय आवडतं, हे हलीमाबीनं कधी विचारलंच नव्हतं.