आप्पांच्या गेमला पुरवणी

आमच्या आप्पांनी फोनवर ‘जरा’ म्हटलं की समजायचं, प्रकरण मोठं आहे. “जरा येऊन जा की गं,” ते म्हणाले. मी सांगलीत, ते फलटणजवळच्या गावात. त्यामुळे ‘जरा’ म्हणजे विट्यावरनं दोन एसट्या आणि अख्खा शनिवार. तब्येत बरी आहे ना विचारलं, तर म्हणाले, “तब्येतीला काय धाड भरलीय? गेम संपत आलाय.”

हे गेमचं खूळ माझ्या भावाचं. पुण्याला नोकरीला जाताना तो आपला जुना कॉम्प्युटर गावीच टाकून गेला आणि त्यात त्याहून जुना एक गेम. आपण एक माणूस व्हायचं, गावोगाव हिंडायचं, लोकांची अडलेली कामं करायची, कुणी अंगावर आलं तर लढायचं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आप्पांना डॉक्टरांनी घरात बसवलं होतं. बावीस वर्षं फौजेत, सिग्नलमध्ये काढलेला माणूस. छताकडं बघून कंटाळला आणि एक दिवस कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत जाऊन बसला. तो काय उठतोय! गुडघा बरा झाला, ऊस तुटून गेला, खोडवा फुटला, तरी आप्पा हिंडतायत आपले गावोगाव.

त्यात मजा म्हणजे त्यांनी गेममध्ये बाईमाणूस घेतलेलं. निळे कपडे, पाठीवर धनुष्य. मी लय चिडवलं. “आप्पा, एवढ्या मिशा राखून बाईचं सोंग?” तर “गप गं,” एवढंच. तिचं नाव काय ठेवलंय ते कधी सांगितलं नाही. मी जवळ गेले की गेम बंद.

आता ती बाई शेवटच्या दारापाशी पोचली होती. आत शिरलं की शेवटची लढाई, आणि मग सगळं खलास. आप्पांनी तिला दीड महिना दाराबाहेरच थांबवून ठेवलेलं. रोज सकाळी गेम उघडायचा, ती आहे ना बघायचं, बंद करायचा. अशात भावानं सांगितलं की या गेमला मागाहून एक जोड निघालीय. विकत घ्यायची, डाउनलोड करून आत घालायची, की नवा मुलूख उघडतो आणि आपलं जुनं माणूस तसंच पुढं जातं. आप्पांनी लगेच तिचं नाव ठेवलं, पुरवणी. परीक्षेत पेपराला दोऱ्यानं बांधतात ना, तशी.

मी चपला काढायच्या आत त्यांनी हुकूम सोडला. “घाल ती पुरवणी. पन हिला काय व्हायला नगं. ही गेली तर मला पुरवणी बी नगं आन् गेम बी नगं.”

म्हणजे सगळी जबाबदारी माझ्या डोक्यावर!

जुन्या गेमांच्या ऑनलाइन दुकानात पुरवणी दोन प्लेट मिसळीच्या भावात होती. मी मोबाइलवरनं पैसे भरले. आप्पांना पटेना. “आली कुठं? डबा न्हाई, सीडी न्हाई.”

“येतेय की. हवेतनं.”

“हवेतनं काय येतं ते मला सांगू नगंस. मी सिग्नलचा हाय.”

कॉम्प्युटरला नेट माझ्या मोबाइलवरनंच द्यायचं, आणि रेंज फक्त खिडकीत. मग सिग्नलचा माणूस मोबाइल वर धरून खिडकीत उभा राहिला. हलू नका म्हटलं, तर खरंच तासभर हलले नाहीत. आई स्वयंपाकघरातनं येऊन बघून गेली. “डबा फळीवर ठिवा म्हनलं की खांदा दुखतोय ह्यांचा,” म्हणाली.

पुरवणी उतरली. मी ती चालू केली, तर तिला गेमच सापडेना. मग मीच गेमची जागा दाखवून दिली. वाटेतली सगळी नावं तिनं नीट वाचली आणि शेवटी, फोल्डरच्या नावाच्या जागी, नुसती प्रश्नचिन्हं.

“आप्पा, फोल्डरला मराठीत नाव दिलंय?”

“व्हय.” माजी सैनिकांचे अर्ज करायला आप्पा मराठी टायपिंग शिकलेत.

“ह्या जुन्या पुरवणीला मराठी वाचता येत नाही. ते नाव बदलायला लागेल.”

“बदलायचं न्हाई.”

“अहो, नुसतं फोल्डरचं...”

“न्हाई म्हनलं ना!” आवाज एकदम परेडवरचा.

आता मलाही राग आला. दोन एसट्या बदलून आले मी! मी सरळ तो फोल्डर समोर आणला. बाईचं नाव होतं. साधं, जुन्या वळणाचं. आत सेव्हच्या, म्हणजे जपून ठेवलेल्या खेळाच्या, यादीत तेच नाव इंग्रजी अक्षरांत, ओळीनं. “आप्पा, ही कोण बया?” मी विचारलं आणि तोंडातनं शब्द गेल्यावर आठवलं. हे नाव मी एकदाच वाचलं होतं, आईच्या शाळेच्या दाखल्यावर.

लग्नात आईचं नाव बदललं होतं. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, तेव्हापासनं सासरी तेच. मेढ्याला मामा तिला ताई म्हणतात. जुन्या नावानं हाक मारणारी आजी गेली, त्यालाही बरीच वर्षं झाली.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. स्क्रीनवर बघितलं आणि कप हातातच राहिले.

“हे कुनी लिवलं?”

आप्पा पंख्याकडं बघायला लागले. पंखा बंद होता.

“आवं, तुमाला इचारतीय.”

“सुपारी फुटल्यावर सा म्हैने पोस्टिंगवर हेच नाव घोकत व्हतो मी,” आप्पा पंख्यालाच म्हणाले. “लग्नाला आलो तर आत्यानं ताटात दुसरंच काढलेलं. मला कुनी इचारलं?”

“मग बोलायचं तवा.”

“कुनाला? आत्याला?”

आईला हसू फुटलं. आमच्या त्या आत्याआजीसमोर सुभेदारसुद्धा खाली मान घालून बसला असता. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि मग एकदम विचारलं, “तिथं ओझं कोन उचलतंय?”

“गडी हाय की बरोबर.”

“तिथं गडी! आन् हितं गॅसची टाकी मी वडायची.”

मी मध्ये पडले. नाव इंग्रजीत केल्याशिवाय पुढं जाता येणार नाही म्हणून सांगितलं. आईचा चेहरा उतरला. “येकदा बदललं तेवढं बास झालं,” ती म्हणाली. मी इतकी वर्षं तिला आईच म्हणत आले. तिचं काही गेलंय, हे माझ्या कधी मनातही आलं नाही.

“नाव तेच राहील, आई. फक्त अक्षरं इंग्रजी.”

“मग मी लिवते,” म्हणाली. सातवीपर्यंतच्या इंग्रजीवर, एका बोटानं, एकेक अक्षर शोधत तिनं स्वतःचं नाव लिहिलं. शेवटी एक ‘ए’ जास्त पडला. मी खोडायला गेले तर हात धरला. “ऱ्हाऊ दे.”

त्याआधी मी सगळ्या सेव्ह पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या होत्या. तो पेनड्राइव्ह आप्पांनी शर्टाच्या खिशात टाकला आणि वर बटण लावलं. पुरवणी पुन्हा चालू केली. या वेळी तिनं नाव वाचलं. पट्टी सरकत सरकत भरली, आई भात लावायला आत गेली आणि मी गेम उघडला.

ती होती. दारापाशी, निळ्या कपड्यांत, पाठीवर धनुष्य. नकाशात डोंगरापलीकडं नवा रस्ता उघडला होता. आप्पांनी इतका मोठा श्वास सोडला की मलाच हायसं वाटलं.

“आता नाव घ्या की आप्पा,” मी म्हटलं. “उखाणा नको, साधंच घ्या.”

“जा तिकडं.” कानापर्यंत लाल झाले. मग खुर्ची पुढं ओढली, माऊस हातात धरला आणि स्क्रीनकडं बघत, हळूच, त्यांनी ते नाव घेतलं. म्हणाले, “चल गं.”

स्वयंपाकघरातनं आवाज आला, “आले. भात तेवढा उतरवते.”