फाटकावरची पाळी

इंग्लंडला जायला मी दौंड सोडलं त्या सकाळी पप्पांनी मेडलं लावलेला निळा ब्लेझर घातला होता. मुलीला विमानतळावर पोचवायला कुणी मेडलं लावून जातं का, असं आई म्हणाली. पप्पा म्हणाले, "पोरगी पोस्टिंगवर चाललीय. निरोप रीतसर द्यायला पायजे."

पप्पा पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आजोबा रेल्वेत गार्ड होते, म्हणून आम्ही दौंडचे. त्याच्या आधी आम्ही कोकणातले. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्याला लागलेले मराठी यहुदी. घरात मराठी, शुक्रवारी संध्याकाळी दिवा, शनिवारी कामाला सुट्टी, नवस फेडायला गूळ-खोबरं घातलेल्या पोह्यांचा मलिदा. दौंडात आमची घरं बोटांवर मोजावीत इतकी. आम्ही नेमके कोण, हे शेजाऱ्यांना कधी नीट कळलं नाही आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नाही.

जीप साळुंखे आबांची होती. ते मांडवगण फराट्याचे, उसाची शेती असलेले, पप्पांच्याच पलटणीतले हवालदार. सीमेवरच्या लढाईत जवळच फुटलेल्या सुरुंगानं पाय जखमी होऊन आबा कोसळले, तेव्हा पप्पांनी रांगत जाऊन त्यांना कॉलर धरून मागे ओढलं होतं. पाय राहिला, पण अधू झाला. तेव्हापासून आमच्या घरातल्या प्रत्येक बऱ्यावाईटाला आबा हजर. त्या दिवशी जीपमध्ये माझी बॅग चढवून ते हळूच म्हणाले, "पोरी, जपून ऱ्हा. तिकडं तुमच्या लोकांवर डूख धरून असत्यात म्हनं. सुभेदार सांगत व्हते."

मी हसले. यहुदी म्हणून कुणी आपल्यावर डूख धरेल, ही गोष्ट मला आजोबांच्या पुस्तकांतली वाटायची. पप्पा मात्र हसले नाहीत. "भ्यायचं न्हाई," ते म्हणाले, "आन् गाफीलबी ऱ्हायाचं न्हाई."

दौंडशेजारच्या कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला होते. इंग्लंडमध्येही तेच काम मिळालं. तीच मशिनं, तसेच पांढरे कोट, फक्त जेवणाच्या सुट्टीत भाकरीऐवजी गार सँडविच. नवरा पुण्याचाच, तोही आमच्यातलाच. लेक हन्ना इथे जन्मली. सगळं हळूहळू रुळलं. रुळलं नाही ते आमच्या प्रार्थनामंदिराचं फाटक.

पुण्यात आम्ही सणाला जायचो तेव्हा फाटक आहे की नाही, हे कधी पाहिल्याचं आठवत नाही. इथे आधी लोखंडी फाटक, मग कॅमेरा, मग आतलं जाड दार. प्रार्थनेच्या वेळी आमच्यातलेच दोघं बाहेर उभे राहतात, पिवळं जॅकेट घालून, कानात वायरलेस. पाळ्या लावलेल्या असतात. मीही पाळी घेतली. माणसाच्या चेहऱ्याआधी त्याचे हात बघायचे, एकटी पडलेली बॅग बघायची, तीच गाडी पुन्हा आली का ते बघायचं, हे सगळं मला शिकवलं गेलं. शिकवणाऱ्याला मी सांगितलं की मी सुभेदाराची मुलगी आहे. तो म्हणाला, "मग तुम्हाला हे आधीच येत असेल." येत नव्हतं. दौंडात यावं लागलं नव्हतं.

दूर पश्चिम आशियात, यहुदींच्या देशात युद्ध भडकलं की इथे आमच्या मंदिराच्या भिंती शिव्यांनी रंगायच्या. तिथल्या लढाईबद्दल आमच्यातच दहा मतं होती, काहींची रात्रीची झोप उडाली होती. पण भिंतीवर लिहिणाऱ्याला मतं विचारायची नसतात. हन्नाच्या यहुदी शाळेनं मुलींना सांगितलं की बसमध्ये गणवेशावरचं चिन्ह दिसणार नाही असा कोट घाला. तिनं मला विचारलं, "आपण काय केलंय?" मी तिच्या कोटाची बटणं वरपर्यंत लावली.

पप्पा पहिल्यांदा इंग्लंडला आले ते त्याच दिवसांत, आई गेल्यानंतरच्या हिवाळ्याच्या तोंडावर. नोव्हेंबरमध्ये इथे गावोगाव जुन्या युद्धांत पडलेल्या सैनिकांची आठवण करतात. आमच्या मंदिराच्या अंगणात एक दगड आहे. त्याच्यावर ह्या शहरातून दोन्ही महायुद्धांत गेलेल्या यहुदी पोरांची नावं आहेत. दरवर्षी त्या दगडापासून निघून आमची माणसं चालत शहरातल्या मोठ्या स्मारकापर्यंत जातात. पप्पांना हे कळल्यापासून ते रोज ब्लेझरला ब्रश मारत होते.

कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी सकाळी फोन आला. कुणीतरी कुंपणावरून चढून दगडावर लाल रंग ओतला होता. शेजारच्या भिंतीवर जे लिहिलं होतं ते मी इथे लिहीत नाही. पप्पा माझ्याबरोबर आले. पोलिसांनी फोटो काढून होईपर्यंत ते थांबले. नंतर त्यांनी कोट काढला, बाह्या दुमडल्या आणि गुडघ्यावर बसले. अक्षरांच्या खाचांत शिरलेला रंग ते बोटाला फडकं गुंडाळून काढत होते. एकेक नाव मोकळं झालं की मला वाचायला सांगायचे, कारण त्यांचा चष्मा घरी राहिला होता. मी वाचायची, ते मान हलवायचे, जणू हजेरी चाललीय.

त्या संध्याकाळी कमिटी बसली. मिसेस रोझ म्हणून आमच्या अध्यक्षबाई आहेत. त्यांच्या काकांचं नाव त्या दगडावर आहे. त्या म्हणाल्या, यंदा चालत जाणं नको, आतच प्रार्थना करू. मला हायसं वाटलं. मी त्याच बाजूनं हात वर केला आणि तसंच ठरलं. पप्पांना मत देण्याचा हक्क नव्हता, पाहुणे होते ते. पण उठून उभे राहिले आणि त्यांच्या लष्करी इंग्रजीत एवढंच म्हणाले की कुणी आलं नाही तरी मी जाणार.

घरी आल्यावर मी चिडले. "पप्पा, माझी पोर ह्याच शहरात बसनं शाळेत जाते. तुम्ही महिन्यानं परत जाल."

ते ब्रश घेऊन ब्लेझर साफ करायला बसले. मग म्हणाले, "ती पोरं ड्युटी करताना मेली. त्यांच्या नावावर कुनी घान टाकली, म्हून आपन दार लावून बसायचं? मग आपन त्यांना कवा भेटायचं?"

"आणि काही झालं तर?"

"व्हईल की. न्हाई व्हनार असं म्या कुठं म्हनलं?"

पप्पांच्या त्या बोलण्यामुळे रविवारी चालायला तरी आम्ही जेमतेम वीस जण जमलो. मिसेस रोझही आल्या. पुढे एक पोलीस, मागे एक. मी सगळ्यात शेवटी, वायरलेस घेऊन. पप्पा मधल्या रांगेत, डोक्यावर टोपी, छातीवर मेडलं. हन्नाला मी घरी ठेवलं होतं.

बाजारपेठेच्या कोपऱ्यावर एक माणूस फुटपाथवरून उतरला. पस्तिशीचा असेल, दाढी नीट कोरलेली, उजवा हात जॅकेटच्या आत. मी हात बघितला. वायरलेसवर बोलायलाही थांबले नाही. पळत जाऊन मी त्याच्या आणि रांगेच्या मध्ये उभी राहिले. हात बाहेर आला तेव्हा त्यात फोन होता. तो चित्रण करत ओरडायला लागला, "खुनी! लहान पोरांचे खुनी!" आणि माझ्या खांद्यावरून तो पुढे थुंकला. थुंकी पप्पांच्या मेडलांवर पडली.

पोलिसानं त्याला धरलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी होती, खरेदीच्या पिशव्या घेऊन. कुणी काही बोललं नाही. त्या थुंकीपेक्षा ती शांतता मला जास्त लागली. पप्पांनी मेडलं पुसली नाहीत. पाऊल चुकवलं नाही. स्मारकापाशी त्यांनी सलाम केला तेव्हा हात दगडासारखा स्थिर होता. घरी आल्यावर मात्र त्यांनी ब्लेझर काढला आणि एकेक मेडल धुऊन पुसलं. "सीमेवर समोरचा कोन ते म्हाईत असायचं," ते म्हणाले. "हितं त्याला मी कोन तेबी म्हाईत न्हाई."

तो व्हिडिओ फिरत फिरत दौंडला, शिरूरला, मांडवगणलाही पोचला. त्यात आमचे चेहरे ओळखू येत नव्हते, नुसती हलणारी रांग दिसत होती. तिथल्या एका ग्रुपवर त्याच्याखाली कुणीतरी मराठीत लिहिलं होतं, त्या जर्मन हुकूमशहानं ज्यू संपवायचं काम अर्धवट सोडलं, पुरं करायला हवं होतं. खाली हसरे चेहरे. त्या हुकूमशहाचं नाव आपल्याकडे कडक साहेबाला कौतुकानं ठेवतात. कुरकुंभला आमच्या सुपरवायझरलाही तेच नाव होतं. पण हे वाक्य वेगळं होतं. आणि लिहिणारा अनिकेत होता. साळुंखे आबांचा नातू, कुरकुंभलाच शिफ्टवर जाणारा, मला ताई म्हणणारा. आमच्या घरचा मलिदा त्यानं लहानपणापासून खाल्लेला.

बाजारपेठेत मी उभी राहू शकले होते. इथे मात्र लिहिणाऱ्याचं नाव मी पुन्हा पुन्हा वाचलं.

मी आबांना फोन केला. आबांना फोनवरचं वाचता येत नाही, म्हणून मीच ते वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "सुभेदार परत कवा येत्यात?"

पप्पा परतले तशी मीही रजा काढून जानेवारीत दौंडला गेले. आबा अनिकेतला घेऊन घरी आले. सव्वीस वर्षांचा गडी, खाली मान घालून बसला. आबांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर ओढला.

"बघ," ते म्हणाले. "ह्यो पाय बघ. त्या हुकूमशहाचं काम पुरं झालं असतं तर मला वडून काढनारा मानूस जन्मालाच आला नसता. आन् तुजा बापबी न्हाई आन् तूबी न्हाई."

अनिकेत म्हणाला, "आबा, समदेच फॉरवर्ड करत्यात. मला वाटलं लांबची कुनीतरी लोकं. ज्यू म्हंजी सुभेदार आजोबा, हे मला म्हाईतच न्हवतं."

पप्पा आबांकडे बघत होते. मला वाटलं आता रागावतील. ते म्हणाले, "म्याच कवा सांगितलं न्हाई. गरजच पडली न्हाई." मग अनिकेतला म्हणाले, "पन लेकरा, मी नसतो आन् लांबचीच कुनी असती, तरी चाललं असतं का?"

अनिकेतनं मान वर केली. पप्पांनी त्याला जवळ बसवलं. त्या हुकूमशहाच्या राज्यात यहुदींचं काय झालं होतं ते त्यांनी त्याला दुपारभर सांगितलं: गावंच्या गावं कशी रिकामी झाली, शेजाऱ्यांनी दारं कशी लावून घेतली, त्याच्या आधी किती वर्षं नुसते विनोद चालले होते. अनिकेत जेवायला उठला नाही.

सव्वीस जानेवारीला मांडवगणच्या शाळेत माजी सैनिकांचा सत्कार होता. पप्पांना बोलायला सांगितलं. दरवर्षी ते दोन वाक्यं बोलून बसायचे. ह्या वेळी म्हणाले, "मी सुभेदार हाय हे तुमाला म्हाईत हाय. मी यहुदी हाय, हे आज सांगतो." पुढच्या रांगेतल्या माना वर झाल्या. मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि सवयीनं सगळ्यांचे हात बघत होते. मांडवगणच्या लोकांचे हात! त्याचीच मला लाज वाटत होती आणि नजर तरी हटत नव्हती.

शेजारच्या निमोण्याहून आलेल्या एका म्हाताऱ्यानं बसल्या जागेवरनं विचारलं, "म्हंजी सुभेदार, तुमचा देव कोनता?"

"दिसत न्हाई असला," पप्पा म्हणाले.

"आमचाबी लई दिसत न्हाई," म्हातारा म्हणाला, आणि पटांगण हसलं. तेव्हा कुठे माझी नजर लोकांच्या हातांवरून हटली.

आता मी पुन्हा इंग्लंडात आहे. तुम्ही, तिकडे गावी मागे राहिलेली माणसं, विचारता, परत कधी येणार. इथली विचारतात, घरी जाऊन आलात का. घर कुठलं, ह्याचं उत्तर पूर्वी मला पत्त्यात सापडायचं. आता ज्या दारातून आत जाताना मी कोण हे लपवावं लागत नाही, आणि ज्या दारासाठी मी बाहेर उभी राहीन, ते घर. अशी दारं दोन्हीकडे आहेत, आणि दोन्हीकडे ती आपोआप उघडी राहत नाहीत.

गेल्या आठवड्यात कारखान्याच्या पार्किंगमध्ये असताना अनिकेतचा फोन आला. शिफ्टवरच्या पोरांशी कँटीनमध्ये त्याचं वाजलं होतं. कुणीतरी तसलाच विनोद केला, ह्यानं अडवलं, त्यांनी ह्याला ग्रुपमधून काढून टाकलं.

"ताई, एक जन म्हनतो ज्यू लोकांना मारलं ते समदं खोटंच हाय, असं काय घडलंच न्हाई," तो म्हणाला. "त्याला काय सांगू?"

मी गाडीत बसले, दार ओढून घेतलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले.